लामालेरा : एका व्हेलचे वाटे किती आणि कुणाचे?

किनाऱ्यावर पंधरा टनांचा व्हेल ओढून आणलेला आहे. ऊन कडक, मांस फार वेळ टिकणारं नाही. जे समुद्रावर गेले होते ते दमून बसलेत, जे गेले नव्हते ते सुऱ्या पाजळून उभे आहेत. आता डोकं कुणाचं? पाठीवरचा पट्टा कुणाचा? ज्याने भाला मारला त्याला जास्त, की ज्याने नाव बांधली त्याला? ज्या घरातला कर्ता पुरुष मागच्या वर्षी समुद्रातच गेला, त्या घराला काही मिळणार की नाही?

इंडोनेशियातल्या लामालेरा गावात हे प्रश्न दर वेळी नव्याने पडत नाहीत. उत्तरं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत आणि सुरी कुठे लावायची इथपर्यंत ती बारीक आहेत. या गावाबद्दल जगभर जे छापून येतं त्यात बहुतेक वेळा एकच फोटो असतो : हातात लांब बांबू घेऊन नावेच्या टोकावरून व्हेलवर उडी मारणारा माणूस. फोटो जबरदस्त आहे यात शंका नाही. पण त्या उडीपेक्षा उडीनंतरचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाव टिकलंय ते त्या हिशेबावर.

आधी गाव कुठे आहे ते बघू. बालीवरून पूर्वेकडे बेटांची माळ सुरू होते : लोंबोक, सुंबावा, फ्लोरेस. फ्लोरेसच्या पूर्व टोकाला लारांतुका हे बंदर, आणि त्यापुढे सोलोर, आदोनारा आणि लेंबाता ही बेटं. जुन्या नकाशांत लेंबाताचं नाव लोंब्लेन असं सापडतं. प्रांत पूर्व नुसा तेंगारा, त्याची राजधानी तिमोर बेटावरचं कुपांग. १९९९ मध्ये लेंबाता स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचं ठाणं लेवोलेबा उत्तर किनाऱ्यावर, आणि लामालेरा नेमकं उलट्या बाजूला, दक्षिण किनाऱ्यावर, लाबालेकान या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. अंतर पन्नासेक किलोमीटर, पण रस्ता असा की माणसं आणि पोती एकत्र भरलेल्या ट्रकमधून तीन-चार तास लागायचे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. गावाचे दोन भाग, वरचं आणि खालचं. सरकारी कागदांत ते लामालेरा ‘ए’ आणि ‘बी’. भाषा लामाहोलोत, तीही लामालेराच्या खास बोलीतली.

गावाची जमीन खडकाळ आणि उताराची. पाऊस थोडे महिने. मका, रताळी, केळी, भाजीपाला पिकतो तो वरच्या डोंगरातल्या गावांत. लामालेराकडे आहे ती दोन खडकांमधली आखूड पुळण, आणि तिच्यावर एकाला एक लागून उभ्या असलेल्या नावांच्या शाकारलेल्या झोपड्या. शिवाय पायाखालची जमीनही मुळात या लोकांची नव्हे. गावाच्या परंपरेनुसार पूर्वज दूर उत्तरेकडून, सुलावेसीच्या बाजूने, बेटं बदलत आले. लेपान-बातान नावाच्या बेटावर ते राहिले, ते बेट समुद्राने गिळलं, आणि मग ते लेंबाताला लागले. इथे आधीपासून असलेल्या घराण्यांनी, तुफाओना आणि लांगोवुजोन यांनी, त्यांना जागा दिली. ही घराणी आजही ‘जमिनीचे धनी’ मानली जातात. दर मोसमाच्या सुरुवातीला डोंगरावर जाऊन व्हेलना हाक मारण्याचा विधी लांगोवुजोन घराण्याकडे आहे, आणि किनाऱ्याला लागलेल्या व्हेलमध्ये या धन्यांचा हक्काचा वाटा असतो. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी दिलेल्या जागेचं भाडं अजून मांसात चुकतं होतंय.

शेकडो वर्षं हे म्हणण्यापुरतं नाही. १६२४ च्या एका पोर्तुगीज कागदात या बेटांवरचे लोक हार्पूनने व्हेल मारतात अशी नोंद आहे. पोर्तुगीज इथे चंदनासाठी आले. शेजारच्या सोलोर बेटावर डॉमिनिकन पाद्र्यांनी १५६६ मध्ये किल्ला बांधला, आणि त्या काळात या सगळ्या कारभाराची सूत्रं मलाक्कामार्गे आपल्या गोव्यापर्यंत जात होती. पोर्तुगालची पूर्वेकडची राजधानी गोवाच होती. पुढे १८५९ च्या तहाने ही बेटं डचांकडे गेली, पण कॅथलिक धर्म राहिला. लामालेरा आज कॅथलिक आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात. १९२० पासून बेर्नार्ड बोडे हे जर्मन मिशनरी इथे राहिले, शाळा आली, जुन्या पूजेतल्या बऱ्याच गोष्टी गेल्या आणि बऱ्याच चर्चच्या आवारात मुक्कामाला आल्या.

कोणता व्हेल, आणि तो इथेच का

लामालेराचे लोक शिकार करतात ती मुख्यतः स्पर्म व्हेलची. त्यांच्या भाषेत कोतेक्लेमा. मराठी वाचकाला हा प्राणी वेगळ्या वाटेने माहीत आहे : कोकणात किंवा ठाण्या-पुण्यात ‘व्हेलची उलटी’ पकडली, कोट्यवधींचा माल जप्त, अशा बातम्या येतात ना, ती उलटी म्हणजे अंबरग्रीस, आणि ती याच जातीच्या व्हेलच्या आतड्यात तयार होते. हा दातवाला व्हेल. मोठा नर सोळा मीटरपर्यंत जातो, मादी अकराच्या आसपास. त्याचं खाणं मुख्यतः माकूळ जातीचे प्राणी, आणि त्यासाठी तो सहज हजार मीटर खाली बुडी मारतो.

म्हणजे त्याला खोल पाणी हवं, आणि लेंबाताच्या दक्षिणेला किनारा सोडला की समुद्राचा तळ झपकन खाली जातो. शिवाय प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागरात येतं ते याच बेटांमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांतून. प्रवाह जोरात, खालचं थंड आणि पोषक पाणी वर येतं, मासळी जमते, माकूळ जमतात. व्हेलना इथून जावंच लागतं, आणि जाताना ते किनाऱ्यावरून डोळ्यांनी दिसतात.

डोळ्यांनी दिसणं महत्त्वाचं, कारण कोणता व्हेल आहे हे लांबूनच ओळखावं लागतं. स्पर्म व्हेलचं नाकपुडीचं भोक डोक्याच्या टोकाला, डाव्या अंगाला असतं, त्यामुळे त्याचा फवारा सरळ वर न जाता पुढे-डावीकडे कलतो आणि बुटका, झुडपासारखा दिसतो. निळ्या व्हेलचा फवारा उंच आणि सरळ. असा उंच फवारा दिसला की लामालेराची नाव पाठलाग करत नाही. निळे व्हेल आणि त्यांच्यासारखे बिनदाती मोठे व्हेल मारायचे नाहीत, कारण अशाच एका व्हेलने पूर्वजाला वाचवलं अशी गोष्ट गावात सांगतात. त्या व्हेलच्या अंगातली ताकद पाहिली तर नियमामागे व्यावहारिक शहाणपणही असावं. तरी गाव कारण सांगतं ते उपकाराचंच.

तेना

शिकारीची नाव म्हणजे तेना. लांबी दहा मीटरच्या आसपास, पाल माडासारख्या एका झाडाच्या पानांचं विणलेलं. एकही लोखंडी खिळा नाही. फळ्या एकमेकींना लाकडी खुंट्यांनी जोडतात. फळी तासतानाच तिच्या आतल्या अंगाला ठिकठिकाणी लाकडाचे उंचवटे राखतात, त्यांना भोकं पाडतात, आणि नावेच्या बरगड्या त्या उंचवट्यांना वेताने आवळून बांधतात. नावेचं अंग त्यामुळे थोडं लवतं. व्हेलने शेपटीचा फटका दिला तर ताठ नावेपेक्षा लवचिक नाव बरी. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर काथ्याने शिवलेल्या होड्या असत, त्या वेगळ्या रीतीच्या, पण खिळ्यावाचून समुद्र कापणाऱ्या नावांच्या त्याच जुन्या जगातल्या.

फळी कुठली कुठे लागते, कोणत्या फळीचं टोक कोणत्या दिशेला, हे ठरलेलं. बदल करायचा नाही. नाव बांधणारा मिस्त्री, त्याला ‘आता मोला’ म्हणतात, आपल्या मनचं काही घालत नाही. नाव फुटली तरी तिचं नाव मरत नाही : त्याच नावाची तेना पुन्हा बांधतात, शक्य तर जुन्यातल्या काही फळ्या घेऊन. प्रत्येक तेनेचं स्वतःचं नाव आणि तिचं एक कुळ.

मोसमाला लेवा म्हणतात, मे ते ऑक्टोबर. त्याआधी एप्रिलअखेरीस गावाची बैठक भरते. कोणाचं कोणाशी बिनसलंय, मागच्या वर्षी कुठे चुकलं, सगळं तिथे बाहेर काढायचं. भांडण पोटात ठेवून समुद्रावर गेलं तर भाला लागत नाही, अशी पक्की समजूत. मग समुद्रात गेलेल्यांसाठी किनाऱ्यावर प्रार्थना होते, मेणबत्त्या पाण्यावर सोडतात. १ मे रोजी पाद्री नावांना आशीर्वाद देतो आणि पहिली तेना पाण्यात जाते. मोसमाबाहेर व्हेल दिसला तर ज्याला दिसला तो ओरडतो, ‘बालेओ! बालेओ!’ ती हाक घरोघर पुढे जाते. शाळेतली पोरंसुद्धा बाकावरून उठतात.

नावेत भाला मारणारा लामाफा, त्याच्या हाताशी एक मदतनीस, सुकाणूवर लामा उरी, आणि बाकीचे वल्ही मारणारे. सगळे मिळून दहा-बारा. व्हेलजवळ आल्यावर पाल उतरवतात, वल्ह्यांवर जातात. पुढच्या टोकाला बांबूची एक फळी बाहेर काढलेली असते, तिच्यावर लामाफा उभा. भाला फेकत नाहीत. फेकून तेवढ्या जाड कातडीत तो शिरणारच नाही. लामाफा बांबूसकट उडी घेतो आणि स्वतःच्या अंगाचं वजन पात्यामागे घालतो. पातं आत राहतं, बांबू सुटतो, पात्याला बांधलेला दोर सरसरत जातो, आणि लामाफा पोहत नावेला लागतो. दोराच्या वेटोळ्यात कुणाचा पाय आला तर पाय जातो, कधी माणूस जातो. व्हेल नाव ओढत नेतो, बुडी मारतो, उलटून येतो. दुसऱ्या तेना जोडल्या जातात. तास न्‌ तास चालतं. १९९४ मध्ये व्हेलने अशा नावा इतक्या लांब ओढून नेल्या की त्यातली माणसं शेवटी एका पर्यटक जहाजाला सापडली.

शिकार क्रूर आहे. प्राणी सावकाश मरतो. हे सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही, आणि गावातलेही सौम्य करून सांगत नाहीत.

वाटणी

आता मूळ प्रश्नाकडे. तेना एका माणसाची नसते. तिच्यामागे एका कुळाभोवती जमलेल्या काही घरांचा गट असतो, ‘तेना अलेप’, म्हणजे नावेचे मालक. प्रत्येक मालक-घराच्या नावावर व्हेलच्या अंगाचा एक ठरावीक भाग असतो. टक्केवारी नव्हे, भाग. अमुक घराचा वाटा म्हणजे अमुक बाजूचा अमुक पट्टा. तो बापाकडून मुलाकडे येतो. त्या दिवशी मुलगा समुद्रावर गेला नव्हता तरी वाटा त्याचाच. बदल्यात नावेची डागडुजी, दोर, पाल यांचा भार त्या घरांनी उचलायचा.

जे प्रत्यक्ष गेले त्यांचा वाटा वेगळा. वल्ही मारणाऱ्यांना त्यांचा, लामाफाला त्याचा. मग कारागीर : नाव बांधणारा, पातं घडवणारा लोहार, पाल विणणारा. यांना कामाच्या वेळी मजुरी नसते, व्हेल लागला की वाटा. मराठी माणसाला यासाठी लांबचं उदाहरण शोधायला नको. सुताराला आणि लोहाराला खळ्यावर मिळणारं बलुतं डोळ्यांसमोर आणा. तोच हिशेब : वर्षभर काम, आणि पीक आलं की हक्काने पेंढ्या. फरक मोठा आहे तो असा की इथे त्या हक्काला जातीची उतरंड चिकटलेली नाही. जमिनीच्या धन्यांचा वाटा आधीच सांगितला. दोन-तीन तेनांनी मिळून व्हेल मारला असेल तर आधी तो तेनांमध्ये विभागला जातो, मग प्रत्येक तेनेत वर सांगितल्याप्रमाणे. आणि प्राणी बदलला की कापण्याचा आराखडा बदलतो. मोठ्या वाघळीसारख्या मांता माशाचे वाटे वेगळे, डॉल्फिनचे वेगळे.

इथपर्यंत फक्त पहिली वाटणी झाली. दुसरी घरी होते, आणि ती बायकांच्या हातात असते. भावाचं घर, सासरचं घर, शेजार, मागच्या खेपेला ज्यांनी आपल्याला दिलं ते घर. ज्यांच्याकडे समुद्रावर जाणारं कुणी उरलं नाही अशा विधवा आणि पोरक्यांसाठी गावाच्या बोलीत ‘किदे-क्नुके’ असा शब्दप्रयोग आहे, आणि आम्ही शिकार करतो ती किदे-क्नुकेंसाठी, असं लामालेरात अगदी सहज बोललं जातं. हे नुसतं पुण्याचं बोलणं समजू नये. समुद्रावर जाणारा प्रत्येक माणूस स्वतःच्या बायकोच्या संभाव्य वैधव्याचा विमा भरत असतो.

या व्यवस्थेत धूर्तपणा आहे, चांगल्या अर्थाने. एकट्याने गळ टाकून मासे धरले तर रोज थोडं मिळतं. दहा माणसं तेनेवर गेली तर बरेच दिवस हात हलवत परत येतात आणि एखाद्या दिवशी डोंगराएवढं मिळतं. सरासरी काढली तर व्हेल फायद्याचा, पण त्या सरासरीपर्यंत पोचेस्तोवर घर चाललं पाहिजे. दहा जणांपैकी दोघांना वाटलं की आज आपण गळच टाकू, तर नाव निघणारच नाही. मग माणसाने तेनेवर का यावं? वाटा पक्का आहे, कुणी मनमानी करणार नाही आणि न मिळालेल्या दिवशी दुसऱ्या नावेचं मांस फिरून आपल्या घरी येणार आहे, हा भरवसा असेल तरच. किनाऱ्यावरची सुरी नीट चालली नाही तर पुढच्या वेळी टोकावर उभा राहायला माणूस मिळणार नाही.

सिगारेटची पाकिटं

या गावावर एक प्रयोग झालाय, तो अर्थशास्त्राच्या वर्गात बऱ्याचदा सांगतात. जगातल्या पंधरा छोट्या समाजांत एकच खेळ खेळवला गेला. खेळ असा : पहिल्या माणसाला एक रक्कम द्यायची. तिच्यातला किती भाग दुसऱ्याला द्यायचा हे त्याने ठरवायचं. दुसऱ्याने घेतलं तर दोघांचं आपापलं. दुसरा नको म्हणाला तर दोघांनाही शून्य. कोण कुणासमोर बसलाय हे कळत नाही. हिशेबी माणूस म्हणेल, शंभरातला एक रुपया पुढे करावा, शून्यापेक्षा एक बरा म्हणून समोरचा घेईलच.

लामालेरात हा खेळ मायकेल अल्वार्ड या मानवशास्त्रज्ञाने घेतला. पैसे वापरले तर जुगार वाटेल म्हणून सिगारेटची पाकिटं ठेवली. पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांत, जिथे प्रत्येक कुटुंब आपापलं शेत कसतं आणि बाहेरच्यांशी काम फारसं पडत नाही, पहिल्याने देऊ केलेला भाग सरासरी २६ टक्के होता. लामालेरात तो निम्म्याहून जास्त, ५८ टक्के निघाला. बहुतेकांनी बरोब्बर निम्मं दिलं, उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याहून अधिक. पंधरा समाजांत हा सर्वांत वरचा आकडा.

यावरून लामालेराचे लोक स्वभावानेच उदार आहेत असा अर्थ काढणं भाबडेपणाचं. खेळलेली माणसं मोजकी होती, आणि या गावातही वाट्यावरून कुरबुरी होतात. मला पटतो तो अर्थ असा की समोर पाकिटं ठेवल्यावर त्यांच्या मनात ‘माझं’ असं काही आलंच नाही. किनाऱ्यावर काहीतरी लागलंय आणि ते कापायचंय, एवढंच आलं. आणि कापताना आपल्यावर कुणी बोट ठेवायला नको म्हणून थोडं जास्तच टाकलं. पंगतीत वाढणारा स्वतःच्या पानात शेवटी वाढतो, त्यात त्याची वृत्ती किती आणि पंगतीचे डोळे किती, हे कधी वेगळं काढता येत नाही.

मांस डोंगर चढतं

मांसाचे लांब पट्टे कापून बांबूच्या दांड्यांवर वाळवतात. खाली ताटल्या, पन्हळी, जे असेल ते ठेवून ठिबकणारं तेल धरतात. दिव्यासाठी ते तेल पूर्वी चालायचं. वाळलेला पट्टा हे गावाचं नाणं. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन डोंगरातल्या गावांत जातात, दारोदार अदलाबदल करतात. या फेरीला पेनेतांग म्हणतात. शिवाय वुलानडोनीला दर शनिवारी बाजार भरतो. किनाऱ्याच्या बायका एका बाजूला, डोंगराच्या दुसऱ्या बाजूला. बाजार वसुलीवाला आधी जागेचा कर मालातच गोळा करतो, मग शिट्टी वाजते. शिट्टीआधी सौदा करायचा नाही.

मोजण्याचं माप मुंगा. एक मुंगा म्हणजे सहा नग. वाळलेल्या व्हेलच्या एका पट्ट्याला साधारण दोन मुंगा, म्हणजे बारा कणसं किंवा बारा केळी. पट्टा लहान-मोठा असेल तर घासाघीस होतेच, पण मूळ दर वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो. रुपियाची, म्हणजे इथल्या चलनाची, किंमत घसरली तरी कणसाला त्याचं सोयरसुतक नसतं. १९९७-९८ मध्ये इंडोनेशियाचं चलन कोसळलं होतं, तेव्हा अशा बाजाराची किंमत काय असेल याचा विचार करून बघा. डोंगराला मीठ, चुना आणि प्रथिनं हवीत, किनाऱ्याला पिष्ट हवं. दोघांनाही नाणं लागत नाही.

याच बायका सुताला गाठी मारून, रंगवून, तीन पाटांचं जाड लुगडं विणतात, त्यावर तेना आणि मांता मासे उमटतात. लग्नाच्या देवघेवीत मुलीकडून हे वस्त्र जातं आणि मुलाकडून हत्तीचा दात येतो. लेंबातावर हत्ती नाहीत. व्यापाऱ्यांनी जुन्या काळी आणलेले तेच दात घराण्यांमधून फिरत असतात. गुजरातेतून जाणारा रेशमी पटोळाही या बेटांवर असाच खजिन्यासारखा जपला गेला, आणि इथल्या विणकामावर त्याची छाप आहे.

बाहेरचे लोक आले

१९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेला वाटलं की हे लोक जीव धोक्यात घालून जुन्या रीतीने शिकार करतात, तर त्यांना आधुनिक साधनं द्यावीत. नॉर्वेचा एक अनुभवी व्हेल-शिकारी पाठवला गेला. सोबत आधुनिक बोट. तीनेक वर्षांत प्रकल्प गुंडाळला. माझ्या मते त्या बोटीला गावाच्या हिशेबात खातंच नव्हतं. तिचं कुळ कोणतं, ती बांधली कुणी, तिच्या व्हेलचा उजवा पट्टा कुणाच्या नावावर? बंदुकीने व्हेल मरतो, वाटे पडत नाहीत.

पुढच्या दशकात जगाचा सूर उलटला. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने १९८६ पासून व्यापारी शिकार थांबवली. इंडोनेशिया त्या आयोगाचा सदस्य नाही, पण देशाच्या कायद्याने स्पर्म व्हेल संरक्षित आहे. लामालेराची शिकार चालते ती पोटापुरती, परंपरेची म्हणून. आकडे शेजारी ठेवले तर प्रमाण कळतं : १९६० च्या दशकात कारखानी जहाजं जगभरात वर्षाला वीस हजारांहून जास्त स्पर्म व्हेल मारत होती. लामालेराला चांगल्या वर्षी वीसेक मिळतात, वाईट वर्षी अगदीच थोडे. म्हणून लामालेराला मोकळं रान द्यावं, असं मी म्हणत नाही. स्पर्म व्हेल सावकाश वाढतो, मादीला काही वर्षांतून एक पिल्लू होतं, आणि ही जात अजून धोक्याच्या यादीत आहे. पण ही जात त्या यादीत कुणामुळे गेली हेही सांगायला हवं.

२००९ मध्ये लामालेरासमोरच्या सावू समुद्राचं मोठं संरक्षित क्षेत्र करायचं जाहीर झालं, तेव्हा लामालेरा पेटून उठलं. विरोध इतका झाला की गावाचं शिकारीचं पाणी आराखड्यातून वगळावं लागलं. २०१४ मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान झालं, सुमारे ३४ लाख हेक्टरचं, लामालेराचं पाणी सोडून. त्याच वर्षी मांता माशांवर देशभर बंदी आली आणि ती मात्र लामालेरालाही लागू झाली. गंमत म्हणजे १९९९ ते २००१ या काळात देशाचे पर्यावरणमंत्री होते ते सोनी केराफ जन्माने लामालेराचे. इंडोनेशियन भाषेचे नामवंत अभ्यासक गोरिस केराफही याच गावचे. मिशनच्या शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांनी पाद्री, शिक्षक, प्राध्यापक म्हणून नाव काढलं, आणि त्यांच्या फीसाठी कुठल्यातरी बाईने डोक्यावरून मांस डोंगरात नेऊन विकलेलं असणार.

जॉन्सन

बंदी गावाने एकदा परतवली. मोटर परतवता आलेली नाही. बाहेर लावायच्या इंजिनाच्या एका जुन्या ब्रँडवरून मोटरबोटीला इथे ‘जॉन्सन’च म्हणतात. २००० नंतर त्या वाढत गेल्या. तेना वल्हवत व्हेलपर्यंत न्यायची तर दमछाक, जॉन्सन तिला दोराने ओढत दहा मिनिटांत नेऊन सोडते. म्हाताऱ्यांनी बरंच डोकं लावून एक तडजोड धरून ठेवली : कोतेक्लेमाला भाला मारायचा तो तेनेवरूनच. जॉन्सन फक्त ओढणार.

पण जॉन्सनला पेट्रोल लागतं, पेट्रोलला रोख पैसा लागतो, आणि रोख पैसा ‘मुंगा’च्या मापात मोजता येत नाही. जॉन्सन पंधरा घरांची नसते, एका-दोघांची असते. तिच्यावर तीन-चार माणसं पुरतात. लहान मासळीसाठी रात्री जाळं टाकलं की सकाळी ती मासळी लेवोलेबाच्या व्यापाऱ्याला रोखीने जाते, पट्टे होऊन दांडीवर वाळत नाही. अशा मासळीत पाल विणणाऱ्याचा वाटा नाही, कारण पाल नाही. नाव बांधणाऱ्या ‘आता मोला’चा नाही, कारण बोट फळ्या कापून शिस्तीने बांधलेली नाही. तेना अलेप नाहीत, तर कुळाच्या हक्काचे पट्टेही नाहीत. मालकाला नफा, बाकीच्यांना रोजंदारी. किदे-क्नुकेंना द्यायचं की नाही हे मालकाच्या मर्जीवर.

तरुणांना यात वावगं वाटत नाही आणि वाटावं तरी का? मोबाइलचा रिचार्ज, कॉलेजची फी, मोटारसायकलचा हप्ता यांतलं काहीच बारा कणसांत बसत नाही. शिकार थांबवून पर्यटकांना व्हेल दाखवा, असा सल्ला बाहेरून येतो आणि तो वाईट नाही, व्हेलच्या दृष्टीने तर चांगलाच. मात्र तो देणाऱ्यांनी एक काम आधी करून द्यायला हवं. तिकिटाच्या पैशातला पट्टा जमिनीच्या धन्याचा किती, लोहाराचा किती आणि ज्या घरातून कुणीच बोटीवर जाऊ शकत नाही त्या घराचा किती, याचा आराखडा त्यांनी गावाच्या बैठकीत मांडावा. एप्रिलअखेरीस बैठक असतेच.